गिअरबॉक्स उतरवण्याआधी

पुण्यात ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स त्रास द्यायला लागला की दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." दुसरं, "काका, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना आणून बसवून देतो." पहिल्या उत्तराबरोबर एसी आणि कॉफी मिळते. दुसऱ्याबरोबर गॅरंटी मिळते, गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतची. मला दोन्ही मिळाली आणि दोन्ही मी नाकारली.

गाडी २०१० सालची आहे. तीन लिटरचं डिझेल इंजिन, चॅसिसवर बांधलेली दणकट एसयूव्ही. सोसायटीतली मुलं तिला ट्रकच म्हणतात आणि कामही ती ट्रकचंच करते. माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. मार्केट यार्डातले प्लॅटफॉर्म काटे, दौंड-केडगावकडची गुऱ्हाळं, सातारा बाजूचे एक-दोन कारखाने. काटा दुरुस्त केला की तपासायला प्रमाणित वजनं लागतात, ती बिडाची, वीस-वीस किलोची. मागची सीट आडवी करून ती रचली की गाडीचं बूड खाली बसतं. ऑटोमॅटिक घेतली ती डाव्या गुडघ्यापायी. बायको तेव्हा म्हणाली होती, "अहो, वजनं उचलायला माणूस ठेवाल, क्लच दाबायला कोणाला ठेवणार?"

दुखणं असं होतं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढायला लागलं, की अर्ध्यात कुठेतरी डॅशबोर्डवरचा 'डी' लुकलुकायला लागायचा आणि गिअरबॉक्स तिसऱ्यात अडकून बसायचा. मग घाट उतरून सपाटीला लागलं तरी तिसराच. साठच्या वेगाला इंजिन किंचाळतंय आणि मागचे ट्रकवाले हॉर्न देतायत. थांबून पुन्हा निघायचं तर गाडी जागची हलायलाच तयार नाही. सुरूरला चहा घेऊन, गाडी अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तर काही झालंच नव्हतं इतकी गुणी.

मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली ती सकाळी, म्हणजे गार. त्यांनी स्कॅनर लावला, तीन कोड निघाले: पी०७००, पी०७३४ आणि पी०७५५. सल्लागार मुलगा चुणचुणीत होता. म्हणाला, "सर, पी०७३४ म्हणजे चौथ्या गिअरचं गुणोत्तर चुकतंय. क्लच प्लेटा स्लिप होतायत. जागची उचलत नाही म्हणता ना, तेही त्यामुळेच." अंदाजपत्रक तीन लाखांच्या पुढे. गाडीची पंधरा वर्षं भरत आलेली, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर समोर. एवढे पैसे घालायचे की गाडीच काढून टाकायची, असा प्रश्न घरात दोन आठवडे चालला.

मला खटकलं ते पी०७५५. पी०७०० ही नुसती आरोळी असते, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला दिलेली, की माझ्याकडे काहीतरी गडबड आहे. पी०७५५ मात्र शिफ्ट सोलेनॉइड बी चा कोड आहे. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि आत सरकणारी दांडी. करंट आला की दांडी हलते, तेलाची वाट उघडते किंवा बंद होते, आणि त्या तेलाच्या दाबावर आतले क्लच पकडतात. गाडीत याहून साधी गोष्ट शोधून सापडणार नाही. ती बिघडली असेल, तर क्लच प्लेटा धडधाकट असूनही गिअर पडणार नाही.

आणि पी०७३४? कॉम्प्युटर दोन सेन्सरवरून फेरे मोजतो, गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टचे आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे. एकाला दुसऱ्याने भागलं की कोणता गिअर पडलाय ते कळतं. त्याने चौथा मागितला आणि भागाकार चौथ्याचा आला नाही, तर तो पी०७३४ नोंदवतो. प्लेटा घसरल्या तरी हाच कोड, आणि चौथा गिअर मुळात पडलाच नसला तरीही हाच. घसरत असतील तर भागाकार डोलत राहतो, अॅक्सिलरेटर दाबला की वर पळतो. दुसऱ्याच गिअरमध्ये अडकली असेल तर तो त्या गिअरच्या आकड्यावर खिळून राहतो.

हे बघायला फार काही लागत नाही. बाजारातल्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरच्या डबीला बहुतेक वेळा इंजिनपुरतंच दिसतं, म्हणून शिवण्यातल्या एका गॅरेजवाल्याचा चांगला स्कॅनर आणि तो स्वतः, दोन्ही बरोबर घेतले. पोरगा पस्तिशीचा, ऑटोमॅटिकचं काम करणारा, आणि मुख्य म्हणजे "माहीत नाही" म्हणायला न लाजणारा. मागे वजनं भरली आणि कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. शिंदेवाडीकडे उतरायचं, वळवायचं, पुन्हा चढायचं. तेल चांगलं तापल्यावर दुखणं अवतरलं. स्क्रीनवर भागाकार १.४० आणि आकडा हलेना. आमच्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर १.४०, चौथा १.००. अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला, १.४० ते १.४०.

"काका, प्लेटा घट्ट धरतायत," तो म्हणाला. "ही स्लिप नाहीये."

जागची न उचलण्याचं कोडंही तिथेच सुटलं. बिघाड कळला की कॉम्प्युटर सोलेनॉइडचा करंट तोडतो आणि गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर ज्या एका गिअरमध्ये राहू शकतो तिथे राहतो. आमच्या गाडीत तो तिसरा. म्हणजे सिग्नलवरूनही ती तिसऱ्यातच निघत होती, मागे वजनांचा ढीग घेऊन. कोणतीही गाडी कण्हेल.

पुढचं काम माझ्या ओळखीचं होतं. काटा चुकीचं वजन दाखवायला लागला की नवशिका मेकॅनिक आधी लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा सेन्सर, बदलतो, कारण ते महाग असतं आणि बदललं की काम केल्यासारखं दिसतं. पण लोडसेलच्या आउटपुट तारांमध्ये ३५० ओहम रोध नीट मिळत असेल तर ते तिथेच ठेवायचं आणि जंक्शन बॉक्स, म्हणजे तारा जोडायची डबी, उघडायचा. पावसाळ्यात दहातल्या बऱ्याच काट्यांचं दुखणं त्या डबीतल्या दमटपणात सापडतं. मीटर लावायला पैसे पडत नाहीत.

मीटर मात्र योग्य वेळी लावायला हवा. वर्कशॉपवाल्यांनी सोलेनॉइड मोजली नव्हती असं नाही. मोजली होती, गार. गार असताना आमच्या चारही साध्या सोलेनॉइड तेरा ओहमच्या आसपास होत्या. अशा चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडना साधारण ११ ते १५ ओहम अपेक्षित असतात. दाब कमी-जास्त करणाऱ्या सोलेनॉइड वेगळ्या, त्या पाच-सहा ओहमच्या असतात, त्यांची या आकड्याशी तुलना करू नये. त्यामुळे वर्कशॉपच्या कागदावर "सोलेनॉइड ओके" लिहिलं होतं, आणि तेव्हापुरतं ते खरंही होतं.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. म्हणजे २५ अंशाला तेरा ओहम असलेली गुंडाळी ९५ अंशाला साडेसोळाच्या जवळ जायला हवी. घाटातच गाडी बाजूला घेतली, डॅशखालच्या कॉम्प्युटरचा कनेक्टर काढला आणि एकेक पिन मोजली. पहिली साडेसोळाच्या आसपास. तिसरी आणि चौथीही तशीच. बी ला मीटर आधी चारशेच्या घरात फिरला आणि मग 'ओ एल' दाखवून मोकळा झाला. सर्किट तुटलेलं. पण कॉम्प्युटर ते सोलेनॉइड मध्ये वायर आहे, आणि वायरच तुटली असेल तर? म्हणून खाली झोपून गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरवर पुन्हा मोजलं. तिथेही तेच. दोष पेटीच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्याच, आत होता. दहा मिनिटं थांबलो, उन्हाचा दिवस असूनही थोडं निवलं, आणि मीटरवर पुन्हा पंधरा-सोळा ओहम आले. गुंडाळीतली तार कुठेतरी तुटली असणार, गार असताना टोकं एकमेकांना टेकत होती.

नाना पेठेत स्पेअरपार्टच्या दोन दुकानांत विचारलं. एकाने हसून पूर्ण वॉल्व्ह बॉडीचा, म्हणजे सोलेनॉइड ज्यावर बसतात त्या तेलवाटांच्या ठोकळ्याचा, भाव सांगितला. दुसऱ्याने नवी सोलेनॉइड मागवून देतो म्हणून सांगितलं आणि खरंच मागवून दिली, दोन आठवड्यांनी. जुन्या गिअरबॉक्समधून काढलेली स्वस्तात मिळत होती, ती घेतली नाही. तीही पंधरा वर्षं त्याच तेलात शिजलेली असणार.

गिअरबॉक्सचं चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, गॅरेजमध्ये उघडलं तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. ही वेळ सोडायची नाही, कारण चेंबरच्या तळाशी गिअरबॉक्सचा इतिहास पडलेला असतो. चुंबकावर करडा, मऊ, बोटाला लागणारा लेप होता. तो सगळ्यांच्याच पेटीत सापडतो. चकचकीत कपचे, सुईसारखे तुकडे किंवा प्लेटांच्या अस्तराच्या काळ्या पापड्या दिसल्या असत्या, तर मी निमूटपणे गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं असतं. तसं काही नव्हतं. तेल तपकिरी झालेलं, जरा करपट वासाचं, पण दुधाळ गुलाबी नव्हतं. जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या पोटातला गिअर-ऑइलचा कूलर आतून फुटतो, कूलंट तेलात मिसळतं आणि प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं. ते झालं असतं तर सोलेनॉइड बदलून काही हाती लागलं नसतं.

सोलेनॉइड वॉल्व्ह बॉडीला बाहेरूनच बसवलेली असते, त्यामुळे वॉल्व्ह बॉडी खाली घ्यावी लागली नाही. तसं झालं असतं तर आतल्या बारीक पोलादी गोळ्या सांभाळण्याचा वेगळाच उपद्व्याप. नवी बसवली, ओ-रिंगा बदलल्या, फिल्टर बदलला. गॅरेजमधला पोऱ्या बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायला निघाला, तेव्हा गॅरेजवाल्यानेच ओरडून टॉर्क पाना हातात दिला. तिथे १० ते ११ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त आवळलं की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच.

तेलाबद्दल थोडं. आमच्या पेटीला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, नाही. इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून, तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला आल्यावर खालचा ओव्हरफ्लोचा बूच काढायचा आणि धार थेंबांवर आली की लावायचा. गार असताना हेच केलं तर पातळी चुकते. शिवाय चेंबर रिकामं केलं तरी निम्म्याहून जास्त तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, आणि पाइपांत राहतं. मशीन लावून सगळं धुऊन काढा असं सांगणारे बरेच भेटले. इतक्या जुन्या गिअरबॉक्सला जोराचं मशीन लावायची माझी तयारी नव्हती, आत चिकटलेला गाळ सुटून नको तिथे जाऊन बसायचा. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढंच तेल काढलं, नवं घातलं, आणि मग आणखी एकदा. 'लाइफटाइम ऑइल' असं छापणाऱ्यांनी कोणाची लाइफटाइम धरली आहे ते सांगत जावं.

खंबाटकी नंतर भर दुपारी, वजनांसकट चढलो. 'डी' स्थिर.

पण सोलेनॉइडचं निस्तरल्यावर एक दुसरी तक्रार ऐकू यायला लागली, आधीच्या गोंधळात ती दबली होती. साठ-पासष्टच्या वेगाला, हलक्या अॅक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून जावं तशी थरथर. या वेगाला टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच पकडतो आणि इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलं जातं. थरथर चालू असताना डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. ब्रेकचा दिवा लागला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अपचा, नाहीतर चाकं, प्रोपेलर शाफ्ट, इंजिनचे माउंट तपासायचे. आमची थांबली. जुन्या तेलातली, घर्षण नेमकं राखणारी द्रव्यं संपली की असं होतं. म्हणून कन्व्हर्टरला हात न लावता तेलाच्या पुढच्या बदलापर्यंत थांबलो. दुसऱ्या बदलानंतर कमी झाली, तिसऱ्यानंतर मला तरी जाणवत नाही. बायकोला जाणवते, पण तिला फ्रिजचा आवाजही जाणवतो. रेडिएटरच्या पुढे एक वेगळा छोटा ऑइल कूलरही बसवून घेतला. सगळं मिळून खर्च वर्कशॉपच्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बसला.

पुनर्नोंदणीचे कागद दिले आहेत. गाडी अगदीच निरोगी आहे असं नाही. थंडीत सकाळी 'आर' टाकला की गिअर पकडायला एक-दीड सेकंद लागतो. तेल तापल्यावर लागत नाही, म्हणजे आतली रबरी सील कडक झाली असणार. त्यासाठी पेटी उतरवावीच लागेल. शिवण्याचा पोरगा म्हणतो, वेळ वाढला तर या, तोवर सकाळी रिव्हर्स टाकून जरा थांबत जा, लगेच अॅक्सिलरेटर देऊ नका. सध्या तसंच करतोय.