१ जुलै १९८७ च्या अलीकडे-पलीकडे

रविवार, रात्र

तिबेटी माणसाला भारताचं नागरिकत्व मिळवायचं कसं, हा प्रश्न आज पुन्हा समोर आला. तो विचारतानाच एक चूक होते: जो जन्मानेच नागरिक आहे, त्याने ते नव्याने मिळवायचं नसतं. त्या चुकीपायी लोकांची वर्षं वाया जातात. म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. ती वसली १९७२ साली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. पावसाळ्यात धान, थंडीत शहरोशहरी स्वेटरचा धंदा. तिथली मुलं झाडीपट्टीत जन्मली, तरी सोळा वर्षं पूर्ण झाली की त्यांना आरसी काढावी लागते, म्हणजे परकीय नागरिक म्हणून नोंद झाल्याचा दाखला. पूर्वी ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागे, आता बहुतेकांना पाच वर्षांनी. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपत्र, आयसी.

पण कायदा वेगळंच सांगतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानेच नागरिक. आईवडील कोण, हे तिथे विचारलेलंच नाही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

आता समजा, वडील १९७४ साली गोठणगावात जन्मले आणि मुलगी १९९८ साली. वडील जन्माने नागरिक, म्हणून मुलगीही नागरिक. त्या दोघांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचाच नाही! तो अर्ज परक्यासाठी असतो. त्यांनी थेट पासपोर्टचा अर्ज करायचा. १९८६ साली कांगडा भागात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी हेच सांगितलं. आयसीच्या अर्जात तिने स्वतःला तिबेटी म्हटलं होतं, पण तेवढ्याने जन्माने मिळालेलं नागरिकत्व सोडल्यासारखं होत नाही, हेही कोर्टाने स्पष्ट केलं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

अडतं ते कागदांवर. जन्म घरी झालेला, नोंद कुणी केली नाही. अशा वेळी आधी ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा आणि मग उशिराच्या नोंदणीचा अर्ज करायचा. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आलं.

त्याहून जास्त घोळ नावाचा. तिबेट्यांत बहुतेकांना आडनावच नसतं, आणि आपल्याकडच्या फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. मग एका कागदावर मुलाच्याच नावाचा दुसरा शब्द आडनाव होतो, दुसऱ्यावर वडिलांचं नाव आडनाव होतं. आरसीवर तेन्झिन, जन्मदाखल्यावर टेनझिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेनजिन. पासपोर्टच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, तसाच ठेवावा. ओढूनताणून आडनाव तयार करू नये. जुन्या आरसीवर वडिलांची जन्मतारीख नुसती १ जानेवारी असेल आणि दाखल्यावर दुसरी, तर आधी वडिलांचे कागद जुळवून घ्यावेत, मगच मुलीचा अर्ज भरावा. तिचा सगळा दावा वडिलांच्या त्या एका दाखल्यावर उभा असतो.

जे तिबेटमध्येच जन्मले, त्यांच्यासाठी हे दार नाही. त्यांना नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ खाली परक्याने करायच्या अर्जाचा मार्ग, त्यात बारा वर्षांच्या वास्तव्याची अट. पण योग्य कागदांशिवाय देशात आलेल्याला बेकायदा स्थलांतरित धरतात आणि तिथेच गाडी अडते. याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत सवलत आहे, पण ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान एवढ्याच देशांतून आलेल्यांसाठी, त्यामुळे तिचाही उपयोग नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पासपोर्टबाबत पुन्हा तिबेट्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी, २०१७ साली, पासपोर्टसाठी सरकारच्या अटी आल्या: आरसी आणि आयसी रद्द करून घ्या, तिबेटी वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडल्याचं लिहून द्या. यातली दुसरी अट वाचली की पोटात तुटतं. तिशीतल्या मुलीने पासपोर्टसाठी म्हाताऱ्या आईचं घर सोडायचं? वसाहतीतली जमीन सरकारची. पन्नास वर्षं कसलेलं शेत, पण सातबारा त्यांच्या नावावर नाही. बाहेर नवं घर उभं करायचं ते कशाच्या जोरावर?

म्हणून सल्ला विचारणाऱ्याला आधी घरच्यांशी बोलायला सांगतो, आणि आरसी परत करायच्या आधी तिच्या पानापानाच्या साक्षांकित प्रती काढून ठेवायला. इतकी वर्षं कुठे राहिलो, याचा सलग पुरावा पुष्कळदा तेवढाच असतो.