तुम्ही विचारलंत म्हणून : आरडी घेऊ का?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी जुन्या आरडी मोटारसायकलबद्दल विचारतंच. "काका, एक राजदूत ३५० मिळतेय. मालक म्हणतो, कंडिशन एक नंबर. घेऊ का?" मी उलट विचारतो, कामावर कशावरून जाता? "हिच्यावरूनच जाईन की" असं उत्तर आलं, तर माझ्याकडून नकार. पुढचं सगळं, दारात दुसरी गाडी उभी आहे अशांसाठी.

ही मूळची यामाहा आरडी ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती इथे राजदूत नावाने बनवली आणि दशक सरता सरता बंद केली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आधीची एचटी (हाय टॉर्क) साडेतीस हॉर्सपॉवरची, नंतरची एलटी (लो टॉर्क) सत्तावीसची. परदेशात तिला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या वाट्याला ड्रम आला. पळायची सोय भरपूर, थांबायची बेताची. पेट्रोल तर अशी पिते की तेव्हाच्या बापमंडळींनी तिला पांढरा हत्ती ठरवलं, आणि ते चुकले नव्हते.

आता थरथरीबद्दल. दोन पिस्टन, एक वर तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे वर-खालीचे धक्के एकमेकांत जिरतात. पण पिस्टन शेजारी-शेजारी असल्याने इंजिन या बाजूवरून त्या बाजूला सी-सॉसारखं डुलू बघतं. ते डुलणं मारायला आत बॅलन्सर शाफ्ट नाही. यामाहाने १९७६ च्या आरडी ४०० मध्ये इंजिन रबरावर बसवलं. आपल्याकडे आली ती त्याआधीची मांडणी. म्हणून आरशात धड काही दिसत नाही, नंबर प्लेटला तडा जातो आणि दर पंधरवड्याला पाना घेऊन सगळे नट एकदा आवळून काढावे लागतात. ही तिची रोजची थरथर, तिला घाबरू नका. काल नव्हती आणि आज आली, ती थरथर वेगळी. कार्बोरेटर जुळले नसतील, ठिणगी पाडणारे पॉइंट सरकले असतील (दोन सिलिंडर, दोन पॉइंट, दुप्पट डोकेदुखी), नाहीतर क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, बेअरिंग बोलायला लागलं असेल.

हा फरक मला उशिरा कळला. घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात शिरवळच्या पुढे हँडलला एक बारीक, तीक्ष्ण कंप आला. मी म्हटलं, आरडीच ती, करणारच. खंबाटकी चढताना पिस्टन जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. खोललं तेव्हा कळलं, क्रँकचं डावं सील गेलं होतं. तिथून इंजिन नुसती हवा ओढत होतं, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पातळ पडलं आणि पिस्टन तापून चिकटला. उजवं सील गेलं तर उलटं घडतं: गिअरबॉक्सचं ऑइल जळून धूर निघतो आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाव्या लागतात. विकणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतं. सांगत नाही.

म्हणून बघायला जाताना आधीच बजावा की इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावर किक मारू. तुम्ही पोचलात आणि इंजिन गरम लागलं, तर चहा पिऊन या, गाडी घेऊ नका. ऑइल पंप जागेवर आहे का बघा. पुष्कळांनी तो काढून ऑइल सरळ पेट्रोलमध्ये मिसळायची सवय लावलेली असते. तसंही चालतं, पण पंप का काढला हे विचाराच. पेट्रोलच्या नळ्या जुन्या असतील तर बदलायच्याच, कारण आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. नंबर घासलेला दिसला तर इंजिन कितीही गोड वाजो, घरी या. नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर ही आरटीओची कामं निभतात, घासलेला नंबर निभत नाही. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत चकरा होतीलच, तिथले लोक तुम्हाला नावाने ओळखू लागतील.

राहिली टेस्ट राइड. पाच मिनिटांच्या फेरीवर कधीच ठरवू नका. टॅकोमीटरचा (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) काटा पाच हजारांच्या आसपास गेला की ही गाडी अशी काही उसळते की शहाणा माणूससुद्धा तिथेच खिशात हात घालतो. मालकाला विनंती करा, हवं तर मागे बसवून घ्या, पण तासभर एका वेगात चालवा. मग उतरून हेल्मेटचा पट्टा सोडून बघा.

परवा शेजारचा मुलगा तसं करून आला. पट्टा त्याला सुटेना, शेवटी मीच सोडवला. मला वाटलं, सुटला बिचारा. तो बोटं झटकत म्हणाला, "काका, या मुंग्या किती वेळ राहतात?"

म्हटलं, "चहा येईपर्यंत. बस."