मारुतीच्या कुठवर आलंय?

नाशिकला पुराची बातमी द्यायची तर आधी मारुती सांगावा लागतो. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, हे ऐकून सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि गंगेला पाणी आलं की आजही पहिला प्रश्न हाच असतो, मारुतीच्या कुठवर आलंय?

मी इथल्या केबल वाहिनीवर बातम्या वाचते. ४ ऑगस्ट २०१९ चा रविवार माझ्या सुट्टीचा होता. सकाळीच ऑफिसातून फोन आला, "ये लगेच, आज लाइव्ह जायचंय." त्या दिवशी मारुती डोक्यासकट पाण्याखाली गेला.

तशा दिवशी वाचायला मजकूर नसतो. प्रॉम्प्टर, म्हणजे मजकूर दाखवणारा पडदा रिकामा, समोर कागदावर खरडलेले आकडे आणि कानात कंट्रोल रूममधून सूचना देणाऱ्या सरांचा आवाज. आकड्यांमध्ये एक ठरलेली गफलत होते. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हा एक आकडा आणि होळकर पुलाखालून किती वाहतंय हा दुसरा. पुलाखालचा आकडा मोठा येतो, कारण धरणाच्या खाली पडलेला पाऊस आणि नाल्यांचं पाणी वाटेत मिळतं. दोन्ही एकत्र वाचले की लोकांना वाटतं, धरणातूनच एवढं सुटलं. म्हणून मी प्रत्येक वेळी दोन्ही वेगळे सांगत होते. शिवाय क्युसेक म्हणजे काय तेही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हटलं तर दर सेकंदाला १०,००० लिटरचे २८ टँकर. असं सांगितलं की घरातल्या आजीलासुद्धा समजतं.

दुपारी कानात सरांचा आवाज आला, "धरण फुटल्याचा मेसेज फिरतोय. अफवा आहे म्हणून ब्रेकिंग घे."

सरांचा हेतू चांगलाच होता. पण माझी नजर समोरच्या मॉनिटरवर गेली. खालची पट्टी उजवीकडून डावीकडे सरकते. त्यात 'गंगापूर धरण फुटल्याची केवळ अफवा' असं टाकलं तर 'अफवा' हा शब्द सगळ्यात शेवटी येणार. सामान बांधता बांधता ज्याने एकदाच टीव्हीकडे पाहिलं, त्याला 'धरण फुटल्याची' एवढंच दिसणार. बोलण्याचंही तेच. पुराच्या दिवशी घरात कोणी बातम्या बसून ऐकत नाही, दोन शब्द कानावर पडतात आणि माणूस धावत सुटतो. अशा वेळी 'फुटलं' हा शब्द नाकारण्यासाठीसुद्धा उच्चारू नये, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मी ब्रेक घेतला. पाटबंधारे खात्यातल्या अधिकाऱ्याचा फोनो, म्हणजे फोनवरून थेट बोलणं, जोडायला लावला, पट्टी थांबवायला सांगितली. पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्यावर एकच वाक्य सावकाश, तीनदा म्हटलं, "गंगापूर धरण सुरक्षित आहे, दरवाजे उघडून पाणी सोडलं जातंय." मग पट्टीही तशीच लिहिली, 'सुरक्षित' हा शब्द सुरुवातीला घेऊन. फोनोवर अधिकाऱ्यांनी तेच सांगितलं.

त्याच ब्रेकमध्ये ऑफिसचा फोन वाजला होता. उचलायला दुसरं कोणी नव्हतं. भांडी बाजारातले एक काका होते. "ताई, तुम्ही टीव्हीवर दिसताय म्हणून विचारतो. पाणी ओट्याला लागलंय. आधी माल वर चढवू की माणसं काढू? आई वरच्या मजल्यावर आहे." त्यांचा वाडा जुना, मातीच्या भिंतींचा. अशा भिंती पाण्यात किती वेळ तग धरतील, ते मी सांगू शकत नव्हते. "काका, भांडी भिजली तर पुसता येतील. आईंना आत्ता काढा," एवढंच म्हणाले आणि कागदाच्या कोपऱ्यावर त्यांचा नंबर लिहून घेतला.

तो कागद दिवसभर आकड्यांखाली दबलेला होता. नंतर नदीच्या खालच्या अंगाच्या सायखेडा, चांदोरी या गावांकडच्या बातम्या येत राहिल्या. रात्रीचं बुलेटिन संपवून बाहेर आले आणि त्या नंबरवर फोन लावला.

"आई सिडकोत बहिणीकडे पोचली," काका म्हणाले. मागे लहान मुलांचा आवाज येत होता. मग लगेच त्यांनी विचारलं, "मारुतीच्या कुठवर उतरलंय?"

आमचा कॅमेरामन अजून पुलाजवळच होता. त्याला विचारलं. "दिसत नाहीये अजून," तो म्हणाला. मी काकांना तेच सांगितलं.