लेमीचा बेस आणि मिरजेची जवारी

सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याला सहसा गायला लावत नाहीत, आणि त्याला सबळ कारण आहे. गिटारवाल्याने गाताना दोन मात्रा सोडल्या तरी फारसे बिघडत नाही. बेसवाल्याचा हात मात्र ड्रमच्या ठोक्याशी बांधलेला असतो आणि त्याच वेळी गळ्याला शब्दांच्या ओढीने त्या ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे फिरावे लागते. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत मी काही वर्षे बेस वाजवला आहे, त्यामुळे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणाऱ्यांविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. या बाबतीत जाणकार जॅक ब्रूस आणि गेडी ली यांची नावे आदराने घेतात, ते योग्यच आहे. तरीही 'मोटरहेड' या ब्रिटिश रॉक गटाच्या लेमीने या अडचणीतून काढलेली वाट मला अधिक रंजक वाटते, कारण त्याने बेस कधी बेससारखा वाजवलाच नाही.

लेमीचे खरे नाव इयान फ्रेझर किल्मिस्टर. २४ डिसेंबर १९४५ रोजी इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या बर्स्लेम भागात त्याचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले आणि पुढे आईसोबत त्याचे बालपण वेल्समधील अँगलसी बेटावर गेले. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात त्याने बीटल्सना त्यांची कीर्ती होण्याआधी ऐकले होते, आणि १९६७ मध्ये तो जिमी हेंड्रिक्सच्या ताफ्यात वाद्ये उचलण्या-लावण्याचे काम करत होता. तोवर तो गिटारवादकच होता. 'हॉकविंड' या गटात तो शिरला तोही गिटार वाजवण्याच्या अपेक्षेने. पण, तो स्वतः सांगत असे त्याप्रमाणे, एका कार्यक्रमाला बेसवादक आलाच नाही, त्याचे वाद्य मात्र गाडीत राहिले होते, म्हणून ते याच्या हाती देण्यात आले. १९७२ मध्ये या गटाचे 'सिल्व्हर मशीन' हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि त्यात आवाज होता या नव्या बेसवाल्याचा.

बेस शिकण्याची संधीच न मिळाल्यामुळे त्याने त्या जाड तारांवर आपली जुनी गिटारच वाजवली. एकेक स्वर घेण्याऐवजी तो दोन-तीन तारा एकत्र छेडत असे, बहुतेक वेळा मूळ स्वर आणि त्याचा पंचम. रिकेनबॅकर कंपनीचा बेस मार्शल कंपनीच्या अँपला (ध्वनिवर्धकाला) जोडून तो मधल्या पट्टीचा आवाज पूर्ण चढवी, खर्ज व तीक्ष्ण स्वर जवळजवळ बंद ठेवी आणि अँप इतका ताणे की ध्वनिलहरीचे माथे सपाट होऊन मूळ स्वरातून वरचे अनेक स्वर फुटू लागत.

इथे मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीची आठवण होते. तंबोऱ्याच्या रुंद घोडीचा माथा घासून त्याला इतका सूक्ष्म उतार देतात की कंप पावणारी तार त्यावर ओझरती टेकत राहते. तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा साधली की जवारी, म्हणजे या टेकण्यातून उठणारा भरलेला झणत्कार, खुलते आणि एका षड्जातून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येऊ लागतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते अशाच कसबासाठी. लेमीचे साधन वेगळे आणि हेतू तर पूर्णपणे वेगळा. पण एका जाड तारेतून भरगच्च नाद काढायचा आणि षड्ज-पंचमाच्या त्या भिंतीला टेकून गायचे, ही युक्ती मला ओळखीची वाटते. एखाद्या बुजुर्ग कारागिराला हे साम्य मुळीच रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही बेस वाजवता-वाजवता गाण्याचे ते कोडे इथेच सुटते, असे माझे मत आहे. हात सलग झोडत राहिला की गळ्याला वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही.

१९७५ मध्ये कॅनडाच्या सीमेवर अमली पदार्थ बाळगल्यावरून लेमीला अटक झाली. आरोप टिकला नाही, पण हॉकविंडने त्याला काढून टाकले आणि त्याच वर्षी त्याने मोटरहेड उभा केला. आरंभीचा काळ इतका हलाखीचा होता की १९७७ मध्ये गट मोडण्याच्या बेतात असताना मिळालेल्या दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणातून त्यांचा पहिला अल्बम निघाला. पुढे 'ओव्हरकिल' आणि 'बॉम्बर' हे दोन्ही १९७९ मध्ये, 'एस ऑफ स्पेड्स' १९८० मध्ये, आणि १९८१ चा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' हा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा अल्बम थेट ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकावर गेला. गिटारवादक एडी क्लार्क, ड्रमवादक फिल टेलर आणि लेमी, एवढ्या तिघांचा हा आवाज होता, यावर ऐकताना विश्वास बसत नाही.

१९८२ मध्ये क्लार्क बाहेर पडला आणि त्यानंतर तशी उंची पुन्हा फारशी गाठली गेली नाही, असे मला वाटते; चाहते रागावतील, पण नंतरच्या तीन दशकांतले बरेच अल्बम एकमेकांसारखे आहेत. पैसा तर आणखीच विचित्र वाटेने आला. रॉक गायक ओझी ऑस्बोर्नच्या १९९१ च्या अल्बमसाठी लिहिलेल्या चार गाण्यांनी मोटरहेडच्या अनेक वर्षांहून अधिक मिळवून दिले, असे तो मोकळेपणाने सांगत असे.

त्याच्या राहणीचे कौतुक करणारे लेख मला खटकतात. वर्षानुवर्षे चाललेली दारू, उत्तेजक द्रव्ये, नाझी वस्तूंचा त्याचा संग्रह, यांत मिरवण्यासारखे काही नाही. आणि हेरॉइनचा त्याने आयुष्यभर केलेला कडवा विरोध, ज्याविषयी तो २००५ मध्ये वेल्सच्या विधिमंडळातही बोलला, तो मात्र या लेखांत क्वचितच येतो. ११ डिसेंबर २०१५ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. सत्तरावा वाढदिवस उलटल्यावर कर्करोगाचे निदान झाले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, तो गेला. गटही तिथेच संपला.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेले नाही त्यांनी १९८१ च्या अल्बमपासूनच सुरुवात करावी. पहिले गाणे बेसनेच सुरू होते, आणि दुसऱ्या, म्हणजे 'स्टे क्लीन'मध्ये, जिथे गिटारचा एकल तुकडा अपेक्षित असतो तिथे लेमी स्वतः बेसवर तो तुकडा वाजवतो.