इंग्लंडच्या शाळेतून आलेलं पत्र कसं वाचायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच पोरं आता इंग्लंडला आहेत. कोण नर्स म्हणून गेलंय, कोण कॉम्प्युटरच्या कामावर. त्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळेत जातात, आणि त्या शाळेतून घरी येणारं प्रत्येक पत्र आद्याक्षरांनी भरलेलं असतं. माझी लेकही तिथं नर्स आहे. ती असली पत्रं मला व्हॉट्सॲपवर पाठवते आणि आम्ही दोघी फोनवर बसून ती ओळीओळीनं वाचतो. त्यातून जे कळलं ते इथं लिहून ठेवते, कारण तिच्या ओळखीतल्या मराठी आयाही आता तिला तेच तेच विचारू लागल्या आहेत.

मी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवायचे. शाळा मराठी, पण वरून येणारी परिपत्रकं कानडीत. पालकांना मराठी वाचता यायचं, तेही सगळ्यांना नाही. संध्याकाळी शेतातून परतताना कोणीतरी कागद घेऊन दारात उभं राहायचं, "बाई, ह्यात काय लिवलंय बघा की." कधी त्यात शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असायची, कधी जातीच्या दाखल्याची मागणी, कधी सॅट्स नंबराची दुरुस्ती. कागद न वाचता तसाच कोनाड्यात राहिला की त्या पोराचं काहीतरी हुकायचं. म्हणून शाळेचा कागद समजला नाही तर विचारायचंच, यावर मी ठाम आहे, मग शाळा नंदगडची असो की लेस्टरची.

सॅट्सवरूनच सुरुवात करते, कारण आपल्याकडचे लोक तिथंच पहिल्यांदा गोंधळतात. कर्नाटकात सॅट्स म्हणजे स्टुडंट अचिव्हमेंट ट्रॅकिंग सिस्टीम, मुलाच्या नावाची ऑनलाइन नोंद आणि तिचा नंबर. इंग्लंडात सॅट्स ही परीक्षा आहे. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, मे महिन्यात होते. वाचन, व्याकरण आणि स्पेलिंग, गणित. गुण 80 ते 120 या पट्टीवर देतात आणि 100 आले की अपेक्षित पातळी गाठली असं धरतात. म्हणजे 104 हे शंभरातले नव्हेत आणि टक्केही नव्हेत. त्यावर हायस्कूलचा प्रवेशही अवलंबून नसतो, कारण निकाल लागायच्या कितीतरी आधी प्रवेश ठरलेला असतो.

इयत्तेचा हिशोब वयावर चालतो. 31 ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात रिसेप्शन नावाच्या सुरुवातीच्या वर्गात, पाच पूर्ण झालेलं इयर वनमध्ये. इथं पहिली संपवून गेलेली सात वर्षांची मुलगी तिथं थेट इयर थ्रीमध्ये बसते. तिला दोन वर्गांची उडी मिळाली असं समजून कोणी पेढे वाटू नयेत आणि झेपणार नाही म्हणून घाबरूही नये, ती आपल्या वयाच्या मुलांतच बसलेली असते. केएस म्हणजे की स्टेज, शिक्षणाचे टप्पे. 1988 च्या शिक्षण कायद्यानं राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, तेव्हापासूनची ही मांडणी. इयर वन आणि टू केएस वन, थ्री ते सिक्स केएस टू, सेव्हन ते नाइन केएस थ्री, टेन आणि इलेव्हन केएस फोर. त्याच्या शेवटी जीसीएसई ही मोठी परीक्षा, आपल्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वयाला. तिचे ग्रेड 9 ते 1 असे आहेत आणि 9 सगळ्यात वरचा. आजी-आजोबांनी हे लक्षात ठेवावं, नातवाला 1 मिळाला म्हणून पहिला आला असं नाही. रिसेप्शनपर्यंतचा टप्पा ईवायएफएस, अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज. हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

आता ज्या दोन आद्याक्षरांनी लेकीची झोप उडवली होती, त्यांच्याकडं येते. शाळेच्या फॉर्मवर नातीच्या नावापुढं ईएएल अशी खूण होती. लेक म्हणाली, "आई, हिच्यात काही कमी आहे असं लिहिलंय का गं?" ईएएल म्हणजे इंग्लिश ॲज ॲन ॲडिशनल लँग्वेज. घरात इंग्रजीहून वेगळी भाषा कानावर पडते, एवढाच त्याचा अर्थ. मूल फडाफडा इंग्रजी बोलत असलं तरी ही नोंद राहते. तो शेरा नाही, माहिती आहे. आमच्या शाळेत घरी मराठी, बाजारात कानडी, टीव्हीवर हिंदी असं ऐकणारी पोरं पहिलीत यायची आणि तिन्ही भाषा सांभाळून मोठी व्हायची. एका भाषेवर पक्की मांड बसली की दुसरी त्या आधारानं येते, हे मी वर्गात पाहिलंय. म्हणून ईएएल लिहिलेलं बघून घरात मराठी बंद करणाऱ्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. शाळेत इंग्रजी मिळणारच आहे, मराठी तुमच्याशिवाय तिथं कोण देणार?

दुसरं सेंड. स्पेशल एज्युकेशनल नीड्स अँड डिसॅबिलिटीज. ईएएल आणि सेंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टमध्ये लिहिलंय की घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं धरता येत नाही. शाळेनं दोन्हींची गल्लत केली असं वाटलं तर हा कायदा नाव घेऊन सांगावा. पण उलटंही खरं आहे. मुलाला खरोखर अडचण असेल, अक्षरं उलटी दिसत असतील, ऐकू कमी येत असेल, एका जागी बसवत नसेल, तर "भाषा नवीन आहे, होईल हळूहळू" म्हणून महिने घालवू नका. ऐकू कमी येणारा एक मुलगा दुसऱ्या शाळेतून माझ्या वर्गात आला होता. तिथं तो 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसत आलेला. कान तपासायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढं बसवल्यावर आणि त्याच्याकडं तोंड करून बोलल्यावर तो कविता म्हणू लागला. त्याचं वाया गेलेलं वय मात्र मला परत देता आलं नाही.

इंग्लंडच्या प्रत्येक सर्वसाधारण शाळेत यासाठी एक शिक्षक नेमलेला असतो, त्याला सेन्को म्हणतात. आईबापांनी थेट सेन्कोची वेळ मागावी. आधी शाळा आपल्या पातळीवर मदत करते, त्याला सेन सपोर्ट म्हणतात. तेवढ्यानं भागत नसेल तर ईएचसीपी, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा लेखी आराखडा. तो कायद्यानं बांधलेला असतो आणि गरज असेल तर वयाच्या पंचविशीपर्यंत चालू शकतो. त्यासाठीची तपासणी शाळेनंच मागावी असं नाही, आईबाप स्वतः एलएकडं अर्ज करू शकतात. एलए म्हणजे लोकल ऑथॉरिटी, तिथली कौन्सिल. आराखडा करायचं ठरलं तर अर्जापासून 20 आठवड्यांत तो हातात पडायला हवा. नाकारलं तर ट्रिब्यूनलकडं दाद मागता येते. आपल्या लोकांना इथं आणखी एक भीती असते. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही, असं असतं, म्हणून काही मागितलं तर व्हिसा जाईल असं वाटतं. सरकारी शाळेतलं शिक्षण त्या पब्लिक फंडात मोडत नाही. मुलासाठी सेन्कोला भेटल्यानं कोणाचा व्हिसा जात नाही.

जेवणाचंही तसंच. एफएसएम म्हणजे फ्री स्कूल मील्स. मोठ्या वर्गांत ते बहुतेक ठिकाणी घरच्या उत्पन्नावर ठरतं, पण रिसेप्शन, इयर वन आणि टूच्या सगळ्या मुलांना सरकारी शाळेत दुपारचं जेवण फुकट आहे, 2014 पासून. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या शाळेत दुपारी भात-सांबार शिजायचं आणि 2013 नंतर क्षीरभाग्य योजनेचं दूधही आलं, तेव्हा पाटलाचं पोर आणि मजुराचं पोर एकाच पंगतीला बसायचं. मला तो दिवसाचा सगळ्यात चांगला तास वाटायचा. पीपी लिहिलं असेल तर ते प्युपिल प्रीमियम, गरजू मुलांच्या शिक्षणासाठी सरकार शाळेला देतं तो जादा पैसा.

छोट्या परीक्षा दोन आहेत. इयर वनमध्ये जूनमध्ये फोनिक्स चेक, 40 शब्द मोठ्यानं वाचायचे. त्यातले निम्मे अर्थ नसलेले असतात, मूल पाठ करून म्हणतं की अक्षरं जोडून वाचतं हे कळावं म्हणून. शिक्षिका म्हणून मला ही युक्ती फार आवडली. इयर फोरमध्ये एमटीसी, पाढ्यांची परीक्षा. बारा बारेपर्यंतचे पाढे, स्क्रीनवर 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. पास-नापास नाही. नात त्या परीक्षेला बसली त्या वर्षी मी रोज संध्याकाळी फोनवर तिच्याकडून 'बे एके बे' म्हणून घेत होते. पाढा मराठीत पाठ असला तरी उत्तर आकड्यातच टाकायचं असतं, त्यामुळं काही अडलं नाही.

माणसांची आद्याक्षरं पटकन सांगते. टीए म्हणजे वर्गातली मदतनीस, ईसीटी म्हणजे नुकतीच नोकरीला लागलेली शिक्षिका, एसएलटी म्हणजे मुख्याध्यापक आणि वरची मंडळी. इन्सेट डे म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांना सुट्टी. ऑफस्टेड ही शाळांची तपासणी करणारी संस्था, 1992 पासूनची. पूर्वी ती पूर्ण शाळेला एका शब्दाचा शेरा द्यायची. तो 2024 च्या सप्टेंबरात बंद झाला, आता वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळे शेरे असतात. ते सगळे वाचावेत. आणि डीएसएल. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली व्यक्ती. मुलानं वर्गात घरातल्या मारहाणीबद्दल काही सांगितलं तर शिक्षिकेला ते डीएसएलला कळवावंच लागतं. यात शाळेचा राग धरू नका, मुलाची काळजी घेणं हेच तिचं काम आहे.

गणपतीबद्दल मात्र सविस्तर लिहिलंच पाहिजे. आपल्याकडं चतुर्थीला घर भरलेलं हवं. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि तिथं शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच भरते. जावयांचं मन होतं दोन आठवडे यायचं. शाळेच्या हजेरीत एका दिवसाची दोन सत्रं धरतात, सकाळ आणि दुपार. परवानगीशिवाय अशी 10 सत्रं, म्हणजे पाच दिवस, दहा आठवड्यांच्या आत बुडली की दंडाचा विचार होतो. 2024 च्या ऑगस्टपासून तो 80 पौंड आहे. 21 दिवसांत भरला नाही तर 160. तो प्रत्येक मुलामागं आणि प्रत्येक पालकाला वेगळा. दोन मुलं, आई आणि बाप, म्हणजे 320 पौंड, तेही वेळेत भरले तर. सणाच्या दिवसापुरती धार्मिक कारणाची सुट्टी मागता येते, हजेरीत ती आर या अक्षरानं नोंदतात. ती आधी लेखी मागावी. पण दोन आठवड्यांच्या गावच्या मुक्कामाला ती लागू होत नाही, आणि "आजी आजारी आहे" असं खोटं लिहू नये. मी जावयांना स्पष्ट सांगितलं, या वर्षी गणपती तिथंच बसवा, आरतीला आम्ही व्हिडिओवर येतो. गावी यायचं ते ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, किंवा नाताळात.

प्रवेशाच्या तारखा तर घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवाव्यात. रिसेप्शनसाठी अर्ज 15 जानेवारीपर्यंत, हायस्कूलसाठी 31 ऑक्टोबरपर्यंत. अर्ज शाळेकडं नव्हे, कौन्सिलकडं जातो. उत्तर हायस्कूलचं 1 मार्चला, प्राथमिकचं 16 एप्रिलला. वर्षाच्या मध्येच गेलात तर त्याला इन-इयर ॲडमिशन म्हणतात, तो कधीही करता येतो. पॅन हा शब्द दिसला तर इन्कम टॅक्सचा नव्हे, त्या वर्गात किती मुलं घेणार त्याचा जाहीर आकडा. एकाच शाळेचं नाव लिहिलं की ती नक्की मिळते, असा समज लोकांत आहे, तो चुकीचा आहे. शाळेला तुम्ही तिला कितव्या नंबरावर ठेवलंय याचा विचारच करता येत नाही. एकच नाव लिहून ती मिळाली नाही, तर जिथं जागा उरली असेल तिथं मूल जातं. प्रवेश नाकारला तर अपील आहे, आणि ते ऐकणारी समिती शाळेहून स्वतंत्र असते.

थोरली नात आता इयर फाइव्हमध्ये आहे, म्हणजे येत्या ऑक्टोबरात तिचा हायस्कूलचा अर्ज जायचा. लेकीनं तीन चांगल्या शाळा बघून ठेवल्या आहेत, तिन्ही लांब आणि तिन्हींना गर्दी. घरापासून चालत जाता येईल अशी एक चौथी आहे, तिचं नाव शेवटी घालायला मी सांगितलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिथं ओपन डे आहे. दोघी मायलेकी जाऊन बघून येणार आहेत, आणि सेन्कोची खोली, वाचनालय, मधल्या सुट्टीत मुलं कुठं बसतात, हे बघून यायला मी त्यांना लिहून दिलंय.