तिसऱ्या शंभरात चोर सापडला: ४०० फ्रीस्टाइलची वही, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहून गेलो होतो की महिन्याभरात चारशे मीटर पोहणं साडेसात मिनिटांच्या आत काढतो. महिना उलटून दहा दिवस झाले. काढलं एकदाचं, पण ज्या वाटेने काढायचं ठरवलं होतं त्या वाटेने नाही. त्यामुळे ही नोंद जरा लांबणार आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: वय चाळिशीच्या पुढे, पन्नास मीटरचा पूल, म्हणजे आठ लांब्या आणि सात टर्न. फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी मारून पायांनी ढकलत वळणं, येतो, पण सुबक नाही. घड्याळ जोडीदाराच्या हातात. या फेरीची सुरुवात ७:४१ ला झाली होती. शंभराशंभराचे स्प्लिट, म्हणजे तुकड्यांच्या वेळा, १:४२, १:५५, २:०४, २:००. तिसरं शंभर बघा. पहिल्यापेक्षा बावीस सेकंद जास्त! मी मात्र तेव्हा ‘शेवटी दम कमी पडतो’ असं निदान करून मोकळा झालो होतो. शेवटचं शंभर तर तिसऱ्यापेक्षा वेगात होतं. म्हणजे दम शिल्लक होता, तो कुठेतरी लपवून ठेवला होता.

दम कसा खर्चायचा हे शिकायला मोठ्या फायनल बघत बसलो. पुरुषांची ४०० फ्रीस्टाइल ही माझ्या मते पुलातली सगळ्यात बेरकी शर्यत. शंभरात विचाराला वेळ नसतो, पंधराशेत चूक सुधारायला वेळ असतो, इथे दोन्ही अर्धवट. शिवाय हिला सेमीफायनल नाही. हीटमधले, म्हणजे प्राथमिक फेरीतले, पहिले आठ थेट फायनलला, त्यामुळे हीटमध्ये जास्त वाचवायला गेलं की माणूस घरी.

टोकियो ऑलिंपिकची फायनल मी किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. ट्युनिशियाचा अहमद हफनावी, वय अठरा, आठव्या नंबरने कसाबसा आत आलेला, म्हणून कडेची आठवी लेन. कॅमेरा मधल्या लेनवर, समालोचन मधल्या लेनवर. शेवटच्या लांबीत ऑस्ट्रेलियाच्या जॅक मॅकलॉफ्लिनला मागे टाकून हा भिंतीला टेकला, ३:४३.३६. मॅकलॉफ्लिन ३:४३.५२. निकालाच्या फलकावर नाव बघितल्यावर पोराने जी आरोळी ठोकली, ती आवाज बंद करून पाहिली तरी ऐकू येते.

दोन वर्षांनी फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत हाच हफनावी ३:४०.७० पोहला आणि सोनं गेलं ऑस्ट्रेलियाच्या सॅम शॉर्टकडे, ३:४०.६८. सेकंदाच्या शंभर भागांतले दोन! या वेगाला माणूस सेकंदाला साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर कापतो, म्हणजे फरक साडेतीन सेंटिमीटरचा. दोन बोटं शेजारी शेजारी धरून बघा. २०२५ ला सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत शॉर्टवर तेच उलटलं: जर्मनीचा लुकास मेर्टेन्स ३:४२.३५, शॉर्ट ३:४२.३७. पुन्हा तेच दोन. माणसाने जपून हसावं.

आता माझ्या उद्योगाकडे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मेर्टेन्सने जे केलं ते मला फार आवडलं होतं. सुरुवातीपासून पुढे, पडद्यावरची विश्वविक्रमाची रेघ बराच वेळ त्याच्या मागे, मग ती हळूहळू येऊन त्याला ओलांडून गेली. तरी ३:४१.७८ मध्ये सोनं. एलायजा विनिंग्टन आणि किम वू-मिन मागून येत राहिले, पण पोचले नाहीत. पुलात जर्मन पुरुषाला १९८८ नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिक सोनं. मला वाटलं, आपणही असंच. पहिलं शंभर उधळून द्यायचं, मग टिकवायचं.

प्रयोग पहिला: १:३६, १:५४, २:०९, २:०६. एकूण ७:४५. सुरुवातीच्या वेळेपेक्षाही चार सेकंद वाईट. दीडशेला दंड असे भरून आले की कोपर पाण्याबाहेर निघेना. सहाव्या लांबीत मी चक्क लांब्या मोजायला चुकलो आणि सातवीला शेवटची समजून जोर लावला. भिंतीला टेकून वर बघितलं तर जोडीदार एक बोट दाखवत होता. अजून एक. त्या क्षणी मला त्या बोटाचा जो राग आला तो इथे लिहीत नाही.

म्हणून उलट टोकाला गेलो, आधी राखायचं आणि शेवटी काढायचं: जर्मनीचा पॉल बीडरमन, रोमची जागतिक स्पर्धा, २००९. त्या काळच्या, वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे ती अख्खी स्पर्धाच वादात राहिली. २०१० पासून ते पोशाख बंद झाले आणि बीडरमनच्या ३:४०.०७ कडे लोक तेव्हापासून डोळे बारीक करूनच बघतात. ऑस्ट्रेलियाच्या इयन थॉर्पचा २००२ चा ३:४०.०८ त्याने सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोडला होता, आणि बीडरमनचा हा विश्वविक्रम जवळजवळ सोळा वर्षं टिकला. शेवटी १२ एप्रिल २०२५ ला स्टॉकहोममध्ये मेर्टेन्सने ३:३९.९६ काढलं, तीन चाळीसच्या आतला पहिला माणूस. पण पोशाखाचा वाद बाजूला ठेवला तर बीडरमनची आखणी शिकण्यासारखी आहे. दुसरे दोनशे पहिल्या दोनशेपेक्षा वेगात, आणि शेवटचं शंभर तर त्रेपन्न सेकंदांच्या आत. सूर मारून मिळालेला फायदा पहिल्या शंभरातच संपलेला असतो, हे लक्षात घेतलं तर हे किती अचाट आहे ते कळेल.

प्रयोग दुसरा: १:५२, १:५५, १:५७, १:५१. एकूण ७:३५. पहिलं शंभर इतकं आरामात की शेजारच्या लेनमधली किकबोर्डवाली मंडळी पुढे निघून गेली आणि माझा अहंकार पाण्यात विरघळला. पण शेवटी अंगात जोर होता आणि तोही पूर्ण वापरला गेला नाही. वर येऊन मी बोलत होतो, हे लक्षण वाईट.

खरी गंमत यानंतरची. जोडीदाराने फोनवर पाचव्या आणि सहाव्या लांबीचं चित्रण केलं. तोवर माझा ठाम समज होता की तिसऱ्या शंभरात मी ‘लय सांभाळतो’. चित्रात काय दिसलं? पाय बंद. साफ बंद! मागे दोन ओंडके तरंगतायत. पहिल्या लांबीला हाताचे शेहेचाळीस फटके, सहाव्या लांबीला पंचावन्न. आणि टर्नच्या आधी, तळावरची काळी पट्टी जिथे आडव्या रेघेने संपते तिथे, मी मान वर काढून भिंत बघतोय. ती रेघ भिंतीपासून दोन मीटरवर असते, ते दाखवण्यासाठीच तिथे आखलेली असते, आणि हे मला पाठ आहे. तरी बघतोय, जणू कोणी भिंत सरकवली असेल. मान वर, म्हणून कंबर खाली, म्हणून कोलांटी उशिरा, म्हणून पाय भिंतीला नीट टेकत नाहीत, म्हणून ढकलून निघताना जेमतेम दोन मीटर. नियमाने पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. माझे तेरा मीटर दर टर्नला दान.

तेव्हापासून दोन आठवडे वेळ मोजलीच नाही. फक्त शंभराचे सहा तुकडे, मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि तिसऱ्या-चौथ्या तुकड्यात दोनच गोष्टी: हात पन्नासच्या आसपास ठेवायचे, आणि शेवटच्या दोन हातांत श्वास नाही, मान खाली, रेघ दिसली की कोलांटी. पहिल्या दिवशी दोनदा टाच भिंतीच्या कडेवर आपटली. एका टाचेवर अजून निळं आहे. किकचं म्हणाल तर थॉर्पसारखे हातांच्या एका चक्राला पायांचे सहा ठोके माझ्या पोटऱ्यांना परवडत नाहीत (त्याच्या सतरा नंबरच्या पावलांचीही बरोबरी नाही). एका चक्राला दोन ठोके, पण ते दोन चुकवायचे नाहीत, एवढाच करार.

प्रयोग तिसरा, परवा सकाळी: १:४८, १:५३, १:५४, १:५१. एकूण ७:२६.

पाचव्या लांबीला नेहमीसारखा तो गोड आवाज आला, ‘आता जरा सैल सोड, शेवटी काढू’. यावेळी मी हात मोजत होतो, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ नव्हता. सहाव्या लांबीला एक्कावन्न हात. सातव्याला पोटरीत गोळा येतोय असं वाटलं, आला नाही. आठव्यात डोळ्यांसमोर काळी पट्टी सोडून काही नव्हतं, आणि वर आल्यावर यावेळी बोलता येत नव्हतं. जोडीदाराने घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. गॉगलवर धुकं होतं, म्हणून त्यालाच वाचायला लावलं.

पुढची अडचण दिसायला लागली आहे. सात टर्नपैकी चौथा आणि पाचवा अजून आंधळेच आहेत, उजव्या खांद्यावर कलंडून निघतो आणि पहिला हात रिकामा जातो. पुढच्या फेरीत तेवढंच काम. दोन महिन्यांनी वही उघडेन. ज्यांनी उजवीकडे कलंडण्याची खोड मोडली असेल त्यांनी कोलांटीत हात कुठे ठेवता ते सांगा, माझे तर अजून पोटाशी अडकतात.