पुलाचा तडा आणि कलम 115 : माझा अनुभव

तडा भरायला आठवडा पुरतो. त्या आठवड्यापुरती अवजड वाहतूक वळवायची परवानगी मिळवायला अख्खा ऊसहंगाम गेला. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितोय.

पूल कृष्णाकाठचा, राज्यमार्गावरचा, जुना. एका पिअर कॅपला, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईला, बेअरिंगच्या (वरचा पूल ज्यावर टेकतो त्या उशीच्या) बुडापासून खांबाकडे तिरका उतरलेला तडा. तिरका म्हणजे शिअरचा, काँक्रीट कातरलं जाण्याचा, आणि शिअर सांगून येत नाही. वरच्या एक्स्पान्शन जॉइंटचं, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या फटीचं, रबर फाटलेलं, त्यामुळं पावसाचं पाणी वर्षानुवर्षं थेट कॅपवर. हातोडीनं ठोकलं की पोकळ आवाज. सळ्यांवरचा काँक्रीटचा थर काढला तर सळ्यांना गंजाचे पापुद्रे. तपासणी, डिझाइन, टेंडर सगळं रीतसर झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

तडा इपॉक्सीनं (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिननं) भरायचा आणि मग कॅपच्या दोन्ही अंगांना हाय टेन्साइल बार, म्हणजे जादा ताकदीच्या पोलादी सळ्या, लावून ताण द्यायचा, असं ठरलं. कार्बन फायबर चिकटवून भागेल असंही काहींचं मत होतं. मला ते पटलं नाही. फायबर पुढं वाढणाऱ्या भारालाच कामी येतं, आधीचं ओझं जुनं काँक्रीटच वाहत राहतं. ताणलेला बार पहिल्या दिवसापासून तडा आवळून धरतो.

पण इपॉक्सी घट्ट होत असताना वरून ट्रेलर गेला की भेग उघडझाप करते आणि केलेलं काम वाया जातं. म्हणून मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 115 खाली अवजड वाहनांना तात्पुरत्या बंदीची अधिसूचना हवी. मला वाटलं, एका सहीचं काम.

अर्जावर शेरा आला, पोलिसांचं ना-हरकत पत्र जोडा. पोलीस म्हणाले, आधी पर्यायी मार्गाचा नकाशा आणा. दोन्ही दिलं, तर नवी त्रुटी : पर्यायी मार्गावरच्या मोरीचा भारक्षमता दाखला जोडावा. ती मोरी म्हणजे दोन नळ आणि वर मुरूम! तोही दाखला कसाबसा मिळवला, तोवर टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "पोलिसांचं पत्र जुनं झालं."

"भाऊसाहेब, ते तुमच्याकडं पडूनच जुनं झालं ना?"

"असेल. पण आता जुनं आहे."

एवढ्यात साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात झळकले, म्हणजे ऊसवाहतूक सुरू होणार, आणि मी काय ते समजलो. गाळप संपेपर्यंत बंदी नाही, असं तोंडी सांगितलं. लेखी द्यायला कुणी तयार नाही. ज्या कॅपसाठी ही धावपळ, तिच्यावरूनच दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालले. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, त्याचं नाव काढलं की सगळे गंभीर व्हायचे. "तो दगडी होता, पुरात गेला," असं कुणीतरी म्हणायचं. ते खरंच होतं, पण फाइल तिथंच.

ती हलली काचेच्या पट्टीमुळं. तड्यावर आडवी पातळ काच दोन्ही टोकांना चिकटवायची आणि बाजूला तारीख लिहायची. भेग हलली की काच तडकते. आमची बरोबर मधोमध तडकली. तारखेसकट फोटो काढून अर्जाला जोडला आणि आवक शिक्क्याची पोच घेतली. तसा फोटो दप्तरी लागल्यावर तो दाबून ठेवायची कुणाची छाती होईना. तुम्हीही अर्जाच्या आधी काच लावा. ती फुटली नाही तर चांगलंच.

पुढचं काम सरळ. तड्यावर बसवलेल्या निपलमधून, म्हणजे इपॉक्सी आत सोडायच्या छोट्या नळ्यांमधून, खालून वर भरत जा. वरच्या निपलमधून इपॉक्सी डोकावलं की खालचं बंद करा. उन्हाळा असेल तर थोडं थोडंच कालवा, डबा हातात तापायला लागला की ते मिश्रण गेलं. बारांना ताण तडा भरून पक्का झाल्यावरच द्यायचा, घाई नको. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : अधिसूचनेचा अर्ज पावसाळ्यातच टाका, दसऱ्यानंतर तुमचं कुणी ऐकत नाही. तिच्या प्रती नाक्यावरच्या पोलिसांना, एसटी आगाराला आणि जवळच्या कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला स्वतः नेऊन द्या.

एक्स्पान्शन जॉइंटही त्याच बंदीत बदलून घेतला. ठेकेदार म्हणत होता, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीची अधिसूचना काढायला मी तरी जाणार नव्हतो.